पलटण पुढे जाते, गाव राहतं

9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारात इंग्रजांच्या पोलिसांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. हाती तिरंगा घेतलेला पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती त्यात गेले. गावाने ही पोरं विसरली नाहीत. माणिक चौकात त्यांचं स्मारक आहे.

पुढची दोन वर्षं उलटायच्या आत, 10 जुलै 1944 रोजी, त्याच सरकारच्या गणवेशात कोकणातला एक बावीस वर्षांचा नाईक इटलीत लढत होता. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे. त्यांची 10वी इंडियन डिव्हिजन टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातून उत्तरेकडे सरकत होती आणि टेकडीवरचं जुनं मोंटोने गाव तिच्या वाटेवर होतं. त्याच खोऱ्यात घाडगेंची तुकडी जर्मन मशिनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी. घाडगे एकटेच धावले, हातबॉम्ब टाकून मशिनगन आणि गनर गारद केले, टॉमीगनने तिच्यावरचा आणखी एक जण टिपला. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, म्हणून तीच बंदूक दांडक्यासारखी चालवून उरलेल्यांना लोळवलं. मग दडून बसलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

डिव्हिजन म्हणजे हजारो माणसांचा गाडा. नकाशावरचं एक नाव घ्यायचं आणि पुढच्या नावाकडे निघायचं, एवढंच तिला ठाऊक. गाव मात्र जागचं हलत नाही, म्हणून आठवण ठेवायचं काम त्याच्याच वाट्याला येतं. मोंटोनेने ते केलं. 2023 साली तिथे घाडगेंच्या नावाने स्मारक उभं राहिलं, तेही सूर्यघड्याळाच्या रूपात. सगळे एकाच सूर्याखाली, अशा अर्थाचं वचन त्यासाठी निवडलं.

आपली अडचण वेगळी. शिरीषकुमार निर्विवाद आपला. घाडगे मात्र सरकारचे शिपाई, म्हणून आपण जरा बिचकतो. मला हा हिशेब खोटा वाटतो. ज्या सरकारने नंदुरबारात पोरं मारली त्याच सरकारने घाडगेंना पदक दिलं, हे खरं. पण समोरची मशिनगन हिटलरची होती, हेही तितकंच खरं. सरकार कोणाचं होतं, यावरून शिपायाचं शौर्य तोलायचं नसतं.

इटलीच्या मोहिमेत 5,782 भारतीय सैनिक कामी आले. घाडगेंची कबर कुठेच नाही. इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे. माणगावात मात्र त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्यांनी तिथे गाडी थांबवावी.