पंगत वेगळी, शाळा एक

अनेक भाषा, धर्म आणि जाती एकत्र नांदणाऱ्या समाजात राज्यसंस्थेने माणसामाणसांतील भेदांकडे पाहूच नये, की ते ओळखून वागावे, हा प्रश्न राज्यशास्त्राइतकाच धर्मविचाराचाही आहे. कारण ताटात काय वाढावे आणि प्रार्थना केव्हा करावी हे परंपरेने धर्म व जातच ठरवत आली आहे. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या वसतिगृहांच्या इतिहासात या प्रश्नाचे एक विचारपूर्वक दिलेले उत्तर सापडते.

१८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या वसतिगृहाचा लाभ व्यवहारात ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरताच राहिला. नियमाने दार सर्वांना खुले असूनही बहुजनांची मुले आत येऊ शकली नाहीत, या अनुभवानंतर १९०१ मध्ये मराठा आणि दिगंबर जैन, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत आणि १९०८ मध्ये त्या काळी अस्पृश्य गणल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह अशी बोर्डिंगे उभी राहिली. पुढे शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती, देवांग अशा समाजांचीही त्यांत भर पडली. या रचनेचे मर्म स्वयंपाकघरात दिसते. जैन मुलाला दिवस मावळण्याआधी जेवायचे असते आणि कंदमुळे वर्ज्य असतात, तर रमजानमधल्या मुस्लिम मुलाची चूल पहाटेपूर्वी पेटावी लागते आणि त्याचा रोजा नेमका सूर्य मावळल्यावर सुटतो. शिवाय पंक्तिभेद, म्हणजे जातीबाहेरच्याच्या पंगतीला न बसण्याचा रिवाज, त्या काळी इतका कडक होता की खेड्यातल्या बापाने मुलाला शहरात धाडावे यासाठी आधी त्याच्या जेवणाची खात्री देणे भाग होते.

जैन दर्शनात सत्याकडे पाहण्याच्या एका अंगाला 'नय' म्हणतात, आणि तेच अंग संपूर्ण सत्य असल्याचा आग्रह धरला की त्याचा 'दुर्नय' होतो. भेद न पाहणारी समता आणि भेदाची कदर करणारी समता हे असे दोन नय आहेत. महाराजांनी राहण्याजेवण्यात दुसरा स्वीकारला आणि शिक्षणात पहिला : १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. वेगळेपणाला कोठे जागा द्यावी आणि कोठे मुळीच देऊ नये, याचा इतका स्पष्ट विवेक त्या काळच्या राज्यकर्त्यांत दुर्मीळ होता.

हाच प्रश्न आफ्रिकेतल्या मॉरिशसने पुढे वेगळ्या रीतीने हाताळला. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून तेथे गेलेल्या भारतीयांत मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आज क्रिओल बोलतात, शाळेत मराठी शिकू शकतात आणि गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. १९६८ साली स्वतंत्र झालेल्या या देशाच्या राज्यघटनेने हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि उरलेले सर्व असे चार समाज मानले, आणि निवडणुकीत कमी पडलेल्या समाजाला प्रतिनिधित्व मिळावे म्हणून पराभूत उमेदवारांतून भरायच्या आठ जागा राखल्या. हेतू न्यायाचाच होता; परंतु १९७२ नंतरच्या जनगणनांत समाजाची नोंद होत नसल्याने त्या जागांचा हिशेब त्याच जुन्या आकड्यांवर चालत राहिला, आणि स्वतःला कोणत्याच समाजाचा न म्हणवणाऱ्या उमेदवाराची अडचण थेट संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपुढे गेली, तेव्हा २०१२ मध्ये समितीने त्याच्या बाजूने मत दिले.

बोर्डिंगात राहणारा मुलगा शिक्षण पुरे झाले की तेथून बाहेर पडतो; घटनेने नेमून दिलेल्या रकान्यातून नागरिकाला तसे सहज बाहेर पडता येत नाही. येथे कोल्हापूरची रचना अधिक माणुसकीची ठरते, हे मान्य करायला हवे. अर्थात, जातीची नावे वसतिगृहांच्या पाट्यांवर राहिली आणि त्या नावांभोवती संस्थांचे हितसंबंधही जमले, हा धोका त्या रचनेत पहिल्यापासून होता. तो एकट्या शाळेने टळणारा नव्हता, आणि म्हणूनच आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदाही महाराजांनी आपल्याच कारकिर्दीत केला.