कळी खुडताना

चार वर्षांपूर्वी, मिरगाच्या आधीच्या आठवड्यात, गणेशगुडीच्या अलीकडे एका रिसॉर्टच्या मागच्या उकिरड्यावर मला सात कुंड्या सापडल्या. सापडल्या म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एका पोराने दाखवल्या. पोरगा हल्याळकडचा, घरी कन्नड बोलणारा, मला 'अज्जा' म्हणतो. चिनी मातीच्या पांढऱ्याशुभ्र कुंड्या, प्रत्येकीत प्लास्टिकचा एक पारदर्शक पेला आणि पेल्यात लोळागोळा झालेली दोन-तीन पाने. कुठल्याशा लग्नासाठी ही झाडे हुबळीहून आणली होती. लग्नानंतर दोन-अडीच महिने ती जेवणाच्या टेबलांवर फुलत राहिली आणि शेवटचे फूल गळाले तशी मागच्या दाराने बाहेर गेली.

रिसॉर्टवाल्यांना मी दोष देत नाही. फुलदाणीतले फूल सुकले की आपणही टाकतोच. त्यांच्या लेखी ही मुळे असलेली फुलदाणी होती, एवढेच.

जोयड्याच्या माणसाला आमरी नवी नाही. शहरातले लोक तिला ऑर्किड म्हणतात आणि काचेच्या दुकानात जाऊन विकत घेतात. आमच्याकडे उन्हाळा सरता सरता फणसाच्या, आंब्याच्या फांदीवरून सीतेची वेणी लोंबू लागते, तेव्हा मान वर करायचीही कुणाला सवड नसते. आसामात हेच फूल बिहूला बायका केसांत माळतात आणि त्या राज्याने त्याला राज्यफुलाचा मान दिला आहे. आपल्याकडे पुष्कळ जण तिला बांडगूळ समजून कोयत्याने खरवडून काढतात. खरे तर बांडगूळ झाडात मुळे घुसवून त्याचा रस पिते. आमरी नुसती सालीला धरून बसते, पाऊस आणि हवा यांवर जगते. आश्रय घेणारा आणि शोषण करणारा यांत फरक करण्याचे कष्ट माणसांच्या बाबतीतही आपण क्वचितच घेतो, तेव्हा झाडांविषयी काय बोलावे!

कुंड्या घरी आणून पेले उपसले तेव्हा लक्षात आले, की ही झाडे उपेक्षेने मरत नव्हती. ती काळजीने मरत होती. चिनी मातीच्या कुंडीला तळाशी भोक नव्हते. रोज सकाळी कुणीतरी इमानेइतबारे ग्लासभर पाणी ओतत होते. ते खाली साचत होते आणि वर दाबून भरलेले शेवाळ सदैव ओलेकच्च राहत होते. या जातीला फॅलेनॉप्सिस म्हणतात. हिच्या मुळांवर स्पंजासारखे एक मेलेल्या पेशींचे अस्तर असते. कोरडे असताना मूळ रुपेरी दिसते, पाणी मिळाले की क्षणात हिरवे होते, कारण ते पानासारखे उजेडावरही काम करते. अशा मुळाला ओल हवी असते, पण ओलीइतकाच वाराही हवा असतो. सतत बुडालेले मूळ कुजते. चिमटीत धरून ओढले तर वरचे अस्तर सुटून हाती येते आणि मागे दोऱ्यासारखी एक तार उरते. सातांपैकी दोन झाडांना अशा तारांखेरीज काहीच उरले नव्हते.

उपाय सोपा आहे, फक्त तो करायला मन धजत नाही. कुजलेले सगळे कापायचे, उरलेले झाड दिवसभर तसेच उघडे वाळू द्यायचे, मग कोळशाचे खडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि विटांचे खापे यांत ते सैलसर बसवायचे. आणि मग काही करायचे नाही. हे 'काही न करणे' मला सर्वांत जड गेले. तिसऱ्याच आठवड्यात एका झाडाची पाने मलूल दिसली म्हणून मी संध्याकाळी त्याच्या शेंड्यावर पाणी शिंपडले. पानांच्या बेचक्यात ते रात्रभर राहिले, गाभा काळा पडला आणि झाड गेले. ते रिसॉर्टने मारले नाही, मी मारले.

यात मी पहिला नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या धनिकांना आमरीचे असे वेड लागले होते, की जगभरच्या अरण्यांत त्यांची माणसे फिरत. आमरी म्हणजे उष्ण देशातली, एवढेच त्यांना ठाऊक. म्हणून कोळसा जाळून तापवलेल्या, दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या काचघरांत ते ती ठेवत, आणि तिथे ती मोठ्या संख्येने गुदमरून मरत. ड्यूक ऑफ डेव्हनशायरने 1835 साली जॉन गिब्सन नावाच्या माळ्याला हिंदुस्थानात पाठवले. खासी टेकड्यांतून त्याने गोळा केलेली झाडे 1837 मध्ये चॅट्सवर्थला पोचली. तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन. (पुढे 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारला तो हाच.) त्याने उष्णता कमी केली, झरोके उघडले, वारा आत घेतला, आणि झाडे जगू लागली. म्हणजे प्रश्न प्रेम किती आहे हा नव्हताच. समोरच्याला काय हवे हे विचारायचे कुणाला सुचले, हा होता.

आमच्या शेजारी एक कुणबी आजी राहते. कंद लावणे, खणणे, पुढच्या वर्षासाठी राखणे यात तिचा जन्म गेला. माझा हा उद्योग ती अंगणातून पाहत होती. एके दिवशी म्हणाली, "मास्तर, वादळात झाड पडतं, त्याच्यासंगं असली किती रानात मरतात. ती सोडून हे बाजारचं कशाला जगवतां?"

मी तिला कायदा सांगितला. व्याघ्र प्रकल्पाच्या रानातून पानही उचलायचे नाही, आणि ते योग्यच आहे. पडलेली फांदी कुजते तीही रानाच्याच कामी येते. पण तिचा प्रश्न कायद्याचा नव्हता. सीतेच्या वेणीचे बी धुळीसारखे असते. त्यात अन्नाचा कणही नसतो, एखाद्या बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. लाखो बियांतून एखादे झाड उभे राहते. ही बुरशीची साथ नोएल बेर्नार या फ्रेंच संशोधकाने 1899 मध्ये ओळखली. 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नडसनने बुरशीऐवजी साखर घातलेल्या खळीवर बाटलीत बी रुजवून दाखवले, आणि 1960 मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेलने कोंबाच्या टोकापासून एकाच झाडाच्या हव्या तेवढ्या प्रती काढण्याची वाट मोकळी केली. पूर्वी राजेरजवाड्यांना परवडणारी वस्तू आज लग्नाच्या टेबलावर येते आणि उकिरड्यावर जाते, ती यामुळे. माझ्या अंगणातल्या झाडाच्या हुबेहूब जोडीदारिणी कुठेकुठे शीतगृहांत उभ्या असतील. एक मेली तर जगाचे काय उणे होते?

मी बराच विचार केला. जगाच्या हिशेबाने आजीचेच बरोबर आहे. पण तहान जगाच्या हिशेबाने लागत नाही. हुबेहूब दहा हजार प्रती असल्या तरी समोरचे मूळ कुजते ते त्या एकीचेच. आणि रानातल्या आमरीने माझ्याकडे काही मागितलेले नाही. तिच्यासाठी मी करायचे ते एवढेच, की तिच्या वाटेला जाऊ नये. ही मात्र माणसाने बाटलीत घडवली, माणसाच्या टेबलासाठी वाढवली. तिला जायला दुसरे रान नाही. आजीला हे सांगितले तर ती नुसती हसली. तिला पटले असे मला वाटत नाही.

पण खरी परीक्षा पुढेच होती. उरलेल्या चार झाडांनी पावसाळा काढला. नोव्हेंबरात आमच्याकडच्या रात्री गार झाल्या, आणि फॅलेनॉप्सिसला फुलायला नेमकी तीच खूण लागते. त्यांतल्या सर्वांत अशक्त झाडाच्या बगलेतून, अवघी दोन पाने आणि तीन मुळे असलेल्या त्या झाडातून, एक हिरवे टोक बाहेर आले. मूळ असते तर टोक गोल असते. हे बिनबोटांच्या हातमोज्यासारखे चपटे होते. फुलांचा दांडा! घरात आनंदीआनंद झाला. मी बेळगावला मुलीला फोन केला.

जाणकार सांगतात, अशा झाडाचा दांडा कापून टाकावा. झाडाजवळ जी काही शिल्लक असते ती फुलापायी खर्च होते. कधीकधी तर मरू घातलेले झाडच आधी फुलते, बी धरून जाण्याची ती धडपड असते. हे मला ठाऊक होते. तरी मी कात्री उचलली नाही. कारणे पुष्कळ सांगता येतील. कळी खुडू नये हे आपल्या हाडीमाशी भिनलेले आहे, वगैरे. पण खरे कारण निराळे होते. मला ते फूल हवे होते. वाट पाहिली होती, लोकांच्या थट्टा ऐकल्या होत्या, त्याची पावती हवी होती. फेब्रुवारीत पाच पांढरी फुले आली. लोक बघायला आले. रिसॉर्टचा तो पोरगाही आला आणि फोटो काढून गेला. एप्रिलात पाने सुरकुतली आणि शिमग्यात कौतुक झालेले ते झाड अक्षय तृतीयेपर्यंत संपले.

झाडांची आणि माणसांची तुलना मला फारशी आवडत नाही; त्यात माणसाचा अपमान होतो आणि झाडाचाही. पण काळीवरचे सुपे धरण 1987 मध्ये पुरे झाले, आणि जुने सुपे गाव पाण्याखाली गेले तेव्हा तिथली बरीच कुटुंबे रामनगरला वसवली गेली. त्यांतल्या एका वयोवृद्ध स्नेह्यांना भेटले की प्रत्येक जण विचारत असे, "आता कसं, बरं आहे ना? रुळलात ना?" त्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असे. "हो, बरं आहे," ते म्हणत आणि चहा मागवत. मीही किती वेळा तेच विचारले. चहा झाल्यावर ते सुप्याच्या बाजाराच्या दिवसाविषयी बोलू लागत आणि आम्ही घड्याळे पाहू लागत असू. त्यांनी आमच्यासाठी फुलावे, अशी आमची अपेक्षा होती. एवढे सगळे करून दिल्यावर तुमचे मन अजून तिकडेच, हे आम्हाला कुठेतरी टोचत होते. आता ते नाहीत. त्यांना पुन्हा तसे विचारायचे नाही असे मी ठरवले, ते त्यानंतर.

पुढच्या हिवाळ्यात तिन्ही झाडांनी दांडे काढले. दोन मी कापले. शेजारची आजी कुंपणापाशी उभी होती. तिने "अगे बाय!" म्हणून तोंडावर हात ठेवला. त्या दिवशी मला जेवण गोड लागले नाही. तिसऱ्याला सहा जाड पाने होती, त्याला फुलू दिले. कापलेल्यांपैकी एकाने गेल्या हिवाळ्यात फुले दिली. दुसरे अजून नुसतेच पानांचे आहे. पाहुणे त्याच्यापुढून तसेच पुढे जातात.

परवा रिसॉर्टचा पोरगा सायकलवर आणखी दोन कुंड्या बांधून घेऊन आला. एकीत जवळजवळ काहीच उरले नव्हते.

"अज्जा, याला पण फूल येईल का?"

"पेला काढ आधी," मी म्हटले, "आणि पाणी घालू नको. आज नुसतं वाळू दे."