खाटेपाशी बसण्याचं शिक्षण

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याच्या बैहर तहसिलीत गोंडांच्या बऱ्याच गावांत पूजेचा आणि गाव राखण्याचा मान पिढ्यान् पिढ्या बैगाकडे आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो ग्रंथ काढला, त्यातही ही नोंद आहे. मंडला-बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यात गोंडांचा गावपुजारी बैगा, आणि शिवेचा तंटा निघाला तर त्याचाच शब्द प्रमाण. पेरणीआधीची बिदरी तो करतो, ठाकूरदेवाला आणि खेरमाईला तो पुजतो, गावाची शीव खिळे ठोकून तो बांधतो. बैगांच्या उत्पत्तिकथेत तर नंगा बैगाने डळमळणारी पृथ्वीच चार कोपऱ्यांत खिळे ठोकून स्थिर केली. असा वारसा सांगणाऱ्या समाजाकडे शेजाऱ्यांनी आपल्या भीतीचा कारभार सोपवावा, यात नवल नाही.

पाश्चात्त्य रुग्णालयांत चॅप्लेन नावाचा एक माणूस असतो. औषध देणं किंवा पट्टी बांधणं हे त्याचं काम नव्हे. आजाऱ्यापाशी बसणं हे त्याचं काम, आणि त्यासाठी तो रीतसर शिकलेला असतो. आपल्याकडे हे काम कोणी करावं आणि ते कसं शिकवावं, याचा विचार मला बैहरपासून सुरू करावासा वाटतो. कारण आजारपण म्हणजे नुसता शरीराचा बिघाड नव्हे, ही गोष्ट तिथे कोणाला पटवून द्यावी लागत नाही.

घरात कोणी अंथरूण धरलं की गुनियाला, म्हणजे बाधा ओळखणाऱ्या जाणत्याला, बोलावणं जातं. तो सूप नाहीतर तुमा (भोपळा) घेऊन बसतो, एकेका देवाचं, एकेका बाधेचं नाव घेत जातो आणि ज्या नावाला खूण मिळते तिथे थांबतो. व्हेरिअर एल्विन यांच्या ‘द बैगा’ या १९३९ सालच्या ग्रंथात या पद्धतीचं तपशीलवार वर्णन आहे. ते वाचताना माझं लक्ष सुपापेक्षा सुपाभोवती जाणाऱ्या वेळाकडे जातं. घरची माणसं तिथेच असतात. कोणता नवस फेडायचा राहिला, कोणत्या देवाचं काय चुकलं, कोणाशी बिनसलं, हे सगळं त्या बैठकीत बोललं जातं. आजाऱ्याच्या मनात दोन प्रश्न असतात: मला काय झालं आणि मलाच का झालं. गुनिया दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. दवाखाना पहिल्यापाशी सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो.

म्हणून गुनियाला डोक्यावर घेऊन नाचावं असं मी म्हणणार नाही. ‘का’ या प्रश्नाचं उत्तर हिंडत हिंडत एखाद्या एकट्या विधवेच्या दारात जाऊन थांबतं, तेव्हा त्या बाईचं काय होतं हे या मुलखाला चांगलं ठाऊक आहे. शेजारच्या छत्तीसगडला २००५ साली टोनही (चेटकीण) प्रताडनाविरुद्ध कायदा करावा लागला. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवणं हा गुन्हा धरला आहे, आणि ते योग्यच आहे. पण कायदा चुकीचं उत्तर थांबवू शकतो. प्रश्न थांबवू शकत नाही. तो प्रश्न आजाऱ्याबरोबर जीपमध्ये बसतो आणि घाट उतरून बालाघाटला येतो, तिथून गोंदियाला, आणि तिथेही जमलं नाही तर नागपूरच्या ‘मेडिकल’ला. प्रत्येक ठिकाणी कागद वाढतात, तपासण्या वाढतात, आणि माणसाची भाषा समजणारे कमी होत जातात. बैगानीत कण्हणाऱ्या म्हाताऱ्याशी बोलणारी सिस्टर मराठी, डॉक्टर हिंदी-इंग्रजी, आणि मध्ये दुभाषा म्हणून घाबरलेला सोळा वर्षांचा नातू.

आणखी एक गोष्ट त्या वाटेवर घडते, आणि ती केसपेपरवर कुठेच येत नाही. ठाकूरदेव हा जागेचा देव आहे. त्याची सत्ता शिवेपर्यंत. खिळे ठोकून राखलेल्या त्या शिवेबाहेर रुग्णाला ‘रेफर’ केलं की आपण त्याला चांगल्या उपचाराकडे नेतो, आणि त्याच वेळी त्याच्या राखणदारापासून तोडतो. अशा माणसाच्या उशाशी बसून ‘देव सगळीकडे आहे’ म्हणणं सोपं आहे. पण ज्याचा देव गावाच्या कडेला एका झाडाखाली राहतो, त्याला त्या वाक्यातून काय मिळणार? याच मुलखातलं कान्हा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, आतली बैगा-गोंडांची गावं उठली. त्या कुटुंबांतल्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत तर हा तुटलेपणा आजारपणाच्या आधीचा आहे. आधार द्यायला जाणाऱ्याला एवढा भूगोल माहीत नसेल, तर त्याचा मोठा धर्माभ्यास इथे उपयोगाचा नाही.

पाश्चात्त्यांकडे चॅप्लेनचं हे शिक्षण सुरू झालं ते एका आजाऱ्याकडून. अँटन बॉयसन हे अमेरिकेतले धर्मोपदेशक. १९२० मध्ये त्यांना वेडाचा झटका आला आणि वर्षाहून अधिक काळ ते मनोरुग्णालयात होते. बरे झाल्यावर ते वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेन म्हणून रुजू झाले आणि १९२५ च्या उन्हाळ्यात धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी त्यांनी वॉर्डात आणले. त्यांचा आग्रह असा, की पोथ्या वाचता तशी जिवंत माणसं वाचायला शिका. आज अमेरिकेत या शिक्षणाचा एक टप्पा साधारण ४०० तासांचा असतो, आणि त्यातला बहुतेक वेळ वर्गात न जाता खाटेपाशी जातो. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही ते दिलं जातं.

या शिक्षणातलं मुख्य हत्यार फार साधं आहे. शिकणारा रुग्णाला भेटून येतो आणि झालेलं बोलणं आठवून शब्दशः लिहून काढतो: तो काय बोलला, मी काय बोललो, कुठे दोघंही गप्प झालो, आणि त्या वेळी माझ्या पोटात काय झालं. तो कागद मग गटासमोर वाचला जातो. रसेल डिक्स यांनी १९३० च्या दशकात ही रीत रुजवली. समजा, सिकलसेलच्या कळांनी तळमळणारं पोर घेऊन एक आई बैहरच्या दवाखान्यात आली आहे. शिकणारी परिचारिका लिहून आणते:

‘माह्या लेकरालेच कावून झालं जी हे?’

‘हा रक्ताचा आजार आहे, ताई. आईबाप दोघांकडून येतो. यात तुमचा काही दोष नाही.’

(ती गप्प. पोराचा गुडघा चोळते.) ‘म्हणजे माह्याकडूनच आला न.’

‘तसं नाही. आता गोळ्या चांगल्या निघाल्या आहेत. काळजी नका करू.’

‘हो जी.’

मोजकी वाक्यं, आणि एकही खोटं नाही. आईबाप दोघेही वाहक असले तर दर खेपेला मुलाला हा आजार होण्याची शक्यता पंचवीस टक्के असते. हायड्रॉक्सियुरियाने कळांचे हल्ले कमी होतात. शास्त्राच्या परीक्षेत या परिचारिकेला पूर्ण गुण मिळतील. पण गटातलं कोणीतरी विचारेल, की दोषाचा शब्द आधी कोणी काढला? आईने काढला नव्हता. तिने ‘कावून’ विचारलं. निर्दोष असल्याचा दाखला तिने मागितला नव्हता, आणि न मागता मिळालेल्या दाखल्यातूनच तिला आरोप ऐकू आला. मग विचारतील, गोळ्यांचा विषय त्याच क्षणी का निघाला? आईला गोळ्यांची माहिती हवी होती, की तुला त्या शांततेतून सुटायचं होतं? शेवटच्या ‘हो जी’ने बोलणं संपलं, आणि बहुधा ती आई त्या वॉर्डात हा प्रश्न पुन्हा कोणाला विचारणार नाही. हे सगळं कागदावर दिसतं, कारण लिहिणारीने स्वतःला न वाचवता लिहिलं. तिला दुसरी वाट शिकवायची आहे ती एवढीच, की ‘तुमच्या मनात काय येतं, कावून झालं म्हणून?’ असं विचारावं आणि उत्तर येईपर्यंत खाटेवरून उठू नये.

सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून सुरू झालं. तपासणी होते, कार्ड मिळतं. पण त्या कार्डाने घराघरांत जो प्रश्न पेरला, तो ऐकायचं काम कोणाच्या नेमणूकपत्रात आहे, असं मला दिसत नाही.

ही सगळी पाश्चात्त्यांची नवलाई आहे असं कोणी समजू नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नवव्या अध्यायात उपचाराचे चार पाय सांगितले आहेत, त्यांत शुश्रूषा करणारा हा एक स्वतंत्र पाय आहे, आणि कौशल्याबरोबर रुग्णाविषयीची ओढ ही त्याची पात्रता मानली आहे. पंधराव्या अध्यायात आतुरालय कसं सजवावं हे सांगताना औषधं, भांडी, सेवक यांच्याच यादीत गाणारे, वाजवणारे, गाथा आणि आख्यायिका सांगणारे, मनातलं ओळखणारे लोक येतात. विनयपिटकाच्या महावग्गातली कथा तर बालाघाट-गोंदिया पट्ट्यातल्या बौद्ध घरांत अनेकांना माहीत असेल. अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूला बुद्धांनी आनंदाबरोबर स्वतः धुतलं, आणि ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी, असं संघाला सांगितलं. त्यापुढचा मजकूर कमी वाचला जातो. तिथे चांगल्या शुश्रूषकाच्या पाच पात्रता दिल्या आहेत: औषध तयार करता येणं, पथ्यापथ्य कळणं, लाभाची आशा न धरणं, मलमूत्र-वांतीची किळस नसणं आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने रुग्णाला उभारी देता येणं. किळस आणि धम्म एकाच यादीत! ज्याला गूमूत काढायची लाज वाटते त्याने उपदेशाला येऊ नये, असाच मी त्याचा अर्थ घेतो.

आधुनिक दवाखाना आपल्याकडे आला तो सरकारकडून आणि मिशनकडून. सरकारी दवाखान्याने हा विषय घेतलाच नाही. मिशनने घेतला, पण प्रचाराच्या बरोबर घेतला. मिरजेला वानलेस यांनी १८९४ मध्ये उभं केलेलं रुग्णालय किंवा नागपूरचं मुर मेमोरियल, यांनी या मातीत केलेली सेवा मोठी आहे आणि ती मी आदराने मानतो. तरीही खाटेवर पडलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याच्यापुढे केलेली प्रार्थना त्याला हवी होती की नको, हे त्याला सांगताही येत नाही. हा पेच सर्वांत प्रामाणिकपणे भोगला तो मैकल डोंगरातच राहिलेल्या दोघांनी. एल्विन १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले, आणि शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती तरुण त्यांना तिथेच भेटले. १९३२ मध्ये दोघे करंजियाला जाऊन राहिले. ते गाव तेव्हा मंडला जिल्ह्यात होतं, आज दिंडोरीत आहे. नागपूरच्या बिशपांनी एल्विन यांना पाद्रीपणाचा परवाना नाकारला, आणि १९३५ मध्ये त्यांनी चर्च सोडलं. मागे राहिलं ते गोंड सेवा मंडळ, शाळा, औषधांची खोली आणि कुष्ठरोग्यांची वस्ती. ग्रंथांमुळे एल्विन यांचं नाव झालं. शामरावांनी परधान जमातीवर पुस्तक लिहिलं खरं, पण औषध मागायला, रडायला, भांडण मिटवायला येणाऱ्या माणसांना रोज सामोरं जाण्याचं काम बरंचसं त्यांनी ओढलं. मराठीत त्यांच्याविषयी इतकं कमी लिहिलं गेलं आहे, याची मला खंत वाटते.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गोंडांना विचारलं, की तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तर मिळालं, की मोठ्या इमारतीची भीती वाटते, आणि आमच्यात मढ्याला पांढरं कापड गुंडाळतात, तुमच्याकडे सगळे पांढऱ्यातच फिरतात. मग शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांच्या घडणीचा झाला, नातेवाइकांना बरोबर राहता येईल असा झाला, त्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं आणि देवीचं देऊळही तिथे आलं. आध्यात्मिक आधार इमारतीच्या नकाशापासूनही सुरू होऊ शकतो, हे तिथे दिसतं.

बैहरला हवं ते शिक्षण मी असं कल्पितो. बाहेरून कोणी पगारी महाराज, पाद्री किंवा समुपदेशक आणायचा नाही. जे आधीच खाटेजवळ आहेत त्यांनाच शिकवायचं: परिचारिका, आशाताई, वॉर्डातल्या आया, रक्त काढणारा पोरगा. केरळात मलप्पुरम-कोझिकोडच्या गावांत साधी शेजारची माणसं थोडं शिकून असाध्य आजाऱ्यांच्या घरी जाऊ लागली, आणि सरकारचं पॅलिएटिव्ह धोरण नंतर, २००८ मध्ये आलं. एमबीबीएसच्या मुलांना २०१९ पासून रुग्णाशी कसं बोलावं याचे तास आहेत; त्यातले काही तास बालाघाटच्या वॉर्डात बैगानी बोलणाऱ्या बाईने घ्यावेत. गुनियाला भेटीच्या वेळेत आत येऊ द्यावं, अट दोनच: सलाईन काढायची नाही आणि कोणा बाईचं नाव घ्यायचं नाही. ही अट तो पाळेल का, अशी शंका काढतील. काही पाळणार नाहीत. त्यांना थांबवावं. पण जो पाळेल, त्याच्या येण्याने घाटाखाली एकटा पडलेला माणूस आपल्या शिवेत परत येतो, आणि मग त्याला औषध घ्यायला लावणं सोपं जातं असा माझा कयास आहे.

आणि दर आठवड्याला एक कागद, शब्दशः लिहिलेला, चारचौघांत वाचायचा. बोलणं बैगानी, गोंडी, हिंदी, मराठी, ज्या भाषेत झालं त्याच भाषेत. पहिल्या तुकडीला चार माणसं पुरेत. वूस्टरलाही तेवढीच होती.