पाय कुठे ठेवायचा?

औंढ्याच्या देवळात गाभारा खाली आहे. अरुंद पायऱ्यांवरून वाकून, जवळजवळ बसत उतरावं लागतं. लहानपणी मी उतरायला लागलो की आजी मागून ओरडायची, "पाय कुठं पडायलाय बघ!" तिला मी घसरेन याची काळजी. मला मात्र कितीतरी वर्षं वाटायचं, की खाली देव आहे, त्याला माझा पाय लागेल, म्हणून ती ओरडते.

असं वाटायला कारण होतं. औंढा नागनाथच्या पोराला विसोबा खेचरांची गोष्ट मुद्दाम सांगावी लागत नाही, ती कानावर पडतच असते. गुरूच्या शोधात नामदेव येतात, तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून खुशाल पडलेले. नामदेव चिडतात. विसोबा म्हणतात, बाबा रे, मी म्हातारा माणूस, जिथे देव नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून दुसरीकडे ठेवतात, तर तिथे पिंड. तिसरीकडे ठेवतात, तिथेही पिंड. (काही जण ही गोष्ट बार्शीची म्हणून सांगतात. सांगू देत.) तात्पर्य सगळ्यांना पाठ असतं: देव सगळीकडे आहे.

पण देव सगळीकडे असेल तर पायांचं काय करायचं? एक उत्तर असं, की सगळी जागा सारखीच, मग ठेवा कुठेही. दुसरं असं, की सगळीच जागा देवाची, मग कुठेच ठेवता येणार नाही. एकाच वाक्यातून दोन उलटी उत्तरं निघतात, आणि मी बराच काळ पहिल्या उत्तरावर जगलो. डोंगरात.

आमच्या गावाभोवती डोंगर आहेत. भूगोलाच्या पुस्तकात 'हिंगोलीचे डोंगर' म्हणून एका ओळीत उरकतात तेच. बुटके, खडकाळ, उन्हाळ्यात करपलेले. पळस, सीताफळ, थोडा साग. तिथे कुणी फिरायला जात नाही. शेळ्या घेऊन जातात, सरपणाला जातात. 'ट्रेक' हा शब्द मी पुण्यात शिकायला गेल्यावर ऐकला आणि पहिल्याच पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली पाहिलं तेव्हा खलास झालो. समुद्राकडून आलेलं धुकं कड्याला धडकून वर उसळत होतं. मराठवाड्यातल्या माणसाला एवढं पाणी हवेत बघायची सवय नसते.

नंतर नोकरी लागली आणि शनिवार-रविवार एका ग्रुपसोबत लीडर म्हणून जायला लागलो. लीडर म्हणजे काय, तर बसमध्ये डोकी मोजायची, पोह्यांचं सांगून ठेवायचं आणि सगळ्यांचे फोटो काढायचे. थोडे पैसे सुटायचे. त्या पैशांतून घराच्या भाड्याचा बराच भाग निघायचा, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

मे महिन्याच्या शेवटी भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे बघायला बस नेली होती. तीस माणसं. पाऊस तोंडावर आला की तिथली झाडं रात्री एका लयीत पेटतात आणि विझतात. फोटोत ते निम्मंही येत नाही. ज्यांच्या अंगणात आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली त्या काकांनी निघताना एवढंच सांगितलं, "दादा, रस्त्यावरूनच बघा. गवतात नका शिरू, अन् बॅटरी मारू नका." मी हो म्हणालो.

रस्त्यावर आमच्याआधीच गाड्यांची रांग होती, हेडलाइट चालू. काजवे लांबच्या झाडांवर सरकलेले. माझ्या लोकांनी पैसे भरले होते. कुणीतरी म्हणालं, जरा आत जाऊन बघूया का, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बॅटरी लावली आणि पुढे झालो. तीस माणसांचे साठ पाय माझ्यामागून गवतात उतरले. त्या रात्रीचे फोटो फार छान आले. एक तर अजून माझ्या प्रोफाइलवर होता, मागच्या महिन्यापर्यंत.

काजव्याचं बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात, ओल्या पालापाचोळ्यात, जमिनीवर जातं, हे मी नंतर वाचलं. हवेत जो उजेड दिसतो तो शेवटच्या थोड्या दिवसांचा. कित्येक जातींत मादी उडतच नाही. ती खाली गवतात, बुंध्याशी बसून वरून जाणाऱ्या नराच्या उजेडाला उत्तर देते. बॅटरीच्या झोतात त्यांना एकमेकांचं बोलणं दिसत नाही. म्हणजे आम्ही वर बघत चाललो होतो आणि त्यांचा पुढच्या वर्षीचा संसार पायाखाली होता.

सकाळी उजेडात मी ते गवत पाहिलं. तीस माणसं जेवायला बसून उठल्यासारखं दिसत होतं. काकांनीही पाहिलं असणार. त्यांनी जेवणाचे पैसे मोजून घेतले, एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या शनिवारसाठी फोन केला तर म्हणाले, जमायचं नाही. मी दुसरं घर शोधलं आणि त्या हंगामात आणखी दोन बसा नेल्या.

या सगळ्यात मी एकही नियम मोडला नव्हता. आत येण्याचा कर भरला होता, पावती होती, त्या गवतापाशी कुठलाही फलक नव्हता. स्वतःशी मी हेच म्हणत राहिलो. आणि इथेच गफलत आहे असं मला आता वाटतं. एखाद्या जागी जाण्याचा हक्क असणं आणि तिथे पाऊल टाकण्याचा हक्क असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मला सरकार देऊ शकतं, जमिनीचा मालक देऊ शकतो, मी भांडून मिळवू शकतो. दुसरी प्रत्येक पावलाला नव्याने ठरते, आणि ती देणारं तिथे कुणी उभं नसतं. सकाळी उठल्यावर जमिनीला पाय लावण्याआधी तिची क्षमा मागायचा एक संस्कृत श्लोक आहे, आमच्या घरी अजून म्हणतात. मला तो अलीकडे अटकपूर्व जामिनासारखा वाटतो. दिवसभरात काय काय तुडवणार ते माहीत नसताना सकाळीच सुटका.

मग माणसांनी जाऊच नये का? असं म्हणणारे मित्र मला आहेत. सगळे गड, सगळी जंगलं बंद करा, म्हणतात. मला ते सहज पटत नाही, आणि याचंही कारण औंढ्याच्याच देवळात आहे. तिथे नंदी देवळाच्या मागे आहे. गोष्ट अशी, की नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना तिथून उठवलं, ते मागे जाऊन गायला लागले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. नंदी राहिला मागे. 'इथे पाय ठेवू नको' हे वाक्य आपल्याकडे बहुतेक वेळा पवित्र जागेच्या काळजीने नाही, तर समोरच्या पायांच्या जातीकडे बघून म्हटलं गेलंय. देऊळ गोष्टीत फिरतं. नाशिकचं काळाराम मंदिर काही फिरलं नाही. तिथे १९३० च्या मार्चमध्ये सुरू झालेला सत्याग्रह पाच वर्षं चालला आणि दरवाजा तरीही बंदच राहिला. त्यामुळे कुणी 'येऊ नका' म्हटलं की मी आधी बघतो, म्हणणारा कोण आहे.

माझ्या फोनमध्ये गेली तीन वर्षं एक नकाशा सेव्ह आहे, पैसे साठले तर जायचं म्हणून. मायोर्का, भूमध्य समुद्रातलं स्पेनचं बेट. त्याच्या वायव्य किनाऱ्याने सेरा दे त्रामुंताना ही डोंगररांग जाते, चुनखडीचे कडे थेट समुद्रात उतरलेले. आपला सह्याद्री किनाऱ्यापासून जरा मागे सरून उभा आहे, तो तसाच पुढे येऊन पाण्यात पाय सोडून बसला तर कसा दिसेल, तसं काहीसं. २०११ मध्ये युनेस्कोने ही रांग जागतिक वारसा यादीत घेतली, पण निसर्ग म्हणून नव्हे. सांस्कृतिक भूदृश्य म्हणून, म्हणजे माणसांच्या कष्टाने घडलेली जागा म्हणून. चुना न वापरता नुसत्या दगडावर दगड रचलेले बांध, त्यावर ऑलिव्हची झाडं, पाण्याचे पाट. हायकर ज्या वाटांवरून चालतात त्यांतल्या कितीतरी कोळसा पाडणाऱ्यांनी आणि बर्फ गोळा करणाऱ्यांनी मळल्या. हिवाळ्यात वर दगडी खोल्यांत बर्फ दाबून ठेवायचं आणि उन्हाळ्यात रात्रीतून खाली गावात न्यायचं, हा त्यांचा धंदा.

हे वाचलं तेव्हा मला रायगडातले कातकरी आठवले. त्यांच्याही पिढ्या कोळशाच्या भट्ट्यांवर राबल्या. त्यांच्या आणि ठाकर, महादेव कोळी यांच्या पायांनी मळलेल्या वाटा आम्ही अ‍ॅपवर 'ट्रेल' म्हणून टाकतो, वर किती 'डिफिकल्ट' तेही लिहितो.

त्रामुंतानात आता वाटांवरून भांडणं आहेत. अनेक वाटा मोठ्या खासगी इस्टेटींमधून जातात. कुठे फाटक, कुठे कुलूप, कुठे प्रकरण कोर्टात. सगळ्यात उंच शिखर पुच मजोर, १,४३६ मीटर, चालणाऱ्यांना बंदच आहे, कारण वर लष्कराचं रडार. म्हणजे एकाच डोंगरात तीन वेगळे 'नाही' आहेत. इस्टेटवाल्याचं, लष्कराचं, आणि ज्याच्या बांधाचा दगड आपल्या बुटाने निसटतो त्या शेतकऱ्याचं. पहिल्याशी भांडावं असं मला वाटतं. दुसऱ्यापुढे इलाज नाही. तिसरं मात्र बहुधा हळू आवाजात, जेवण वाढताना सांगितलेलं असतं आणि आपण तेच सगळ्यात आधी मोडतो. काजव्यांच्या गावातल्या काकांकडे ना कुलूप होतं ना रडार.

कळसूबाईची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. कळसू नावाची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली ती एका अटीवर, की भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस तिला दोन्ही करायला लावलं. ती निघाली आणि डोंगरावर गेली, ती परत आलीच नाही. आज त्या १,६४६ मीटरवर तिच्या देवळाबाहेर आम्ही जेवतो आणि कागदी प्लेटा टाकून येतो. गावातल्या बाया त्या गोळा करतात. मुलीची एवढी एकच अट होती.

लीडरचं काम मी सोडलं, पण त्यात फार मोठेपणा नाही, पगार वाढला होता. डोंगरात अजून जातो. चार जण, दिवसा. काजव्यांना गेलो नाही. तरी पायाखाली काय जातं ते सगळं कळतं असा दावा नाही. आमच्याच तालुक्यात लायगोचं केंद्र उभं राहतंय, २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तरी त्याला कळणार. असल्या यंत्राला जमिनीची जराशी थरथरही त्रास देते, म्हणून अशा केंद्रासाठी शांत जमीन शोधावी लागते. हे मी काकांना सांगितलं (हे माझे सख्खे काका, औंढ्याचे, दहा-बारा शेळ्या आहेत त्यांच्या). ते म्हणाले, "मंग शेळ्या तिकडं नेऊने म्हन की."

गेल्या मे महिन्यात त्यांच्यासोबत गावामागच्या डोंगरावर गेलो होतो. मी पायात महागडे बूट, ते जुन्या चपलांत. वाट कुठली म्हणून विचारलं तर म्हणाले, शेळ्या जातील ती. अर्ध्या चढावर त्यांनी एकदम काठी आडवी धरली. "थांब. पाय नको टाकू." मला काहीच दिसेना. मुरूम आणि खडे. मग त्या खड्यांतले चार खडे अंडी झाले. टिटवीची. "ह्या बारीला वर घातलीत," काका म्हणाले, "पाणी बरं पडंल." त्यांनी बाजूला तीन दगड मांडले, शेळ्या वळसा घालून हाकल्या आणि पुढे गेले.

उतरताना ते शेळ्यांमागे लांब गेले होते. मी एकटाच त्याच उतारावर आलो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती, म्हणजे जागा जवळच होती. पण तीन दगड काही दिसेनात. सगळीकडे दगडच होते. एक पाय उचललेला, तसाच मी उभा राहिलो.

"काय झालं रे?" खालून काका ओरडले. "उभा का राहिलास?"