कोंड्याचा मांडा

फळांचा क्रंबल हा इंग्रजांच्या घरचा अगदी साधा गोड पदार्थ. भांड्यात सफरचंदाच्या फोडी घालायच्या, पीठ आणि लोणी बोटांच्या टोकांनी चोळून त्यांचा रवाळ चुरा करायचा, तो फोडींवर पसरायचा आणि भांडे भट्टीत ठेवायचे. लाटणे नाही, मुरड घालणे नाही. पिठाला पाण्याचा थेंब लागत नाही, म्हणून चुरा खुसखुशीत होतो.

दुसऱ्या महायुद्धात हा पदार्थ तिकडे घरोघर पोचला. पारीसाठी लागणारे लोणी व पीठ कुठून आणायचे? माणशी आठवड्याला लोणी जेमतेम ५५ ग्रॅम आणि साखर सुमारे २२५ ग्रॅम. १९४२ मध्ये तर पांढरे पीठही गेले आणि थोडा कोंडा राखलेले करडे पीठ सर्वांच्या माथी आले. लोकांनी नाके मुरडली. १९५४ साली रेशनिंग संपले, आणि पांढरा पावही पुन्हा ताटात आला.

आज त्याच देशात कितीतरी माणसे कोंड्यासकट पीठ, ओट आणि मध जादा पैसे मोजून आणतात, सफरचंदाची साल राखतात आणि आपला क्रंबल 'नैसर्गिक' असल्याचे अभिमानाने सांगतात. काल जी शिक्षा होती, ते आज व्रत झाले!

मग पुण्य कोणाचे? घरात दाणा नाही म्हणून घडलेला उपास आणि एकादशीचा उपास यांत फरक आहे, हे खरे. निवड असल्यावाचून संयम कसला? पण मला त्या युद्धकाळातल्या गृहिणीचे राहून राहून वाटते. पीठ तिने निवडले नव्हते. मात्र त्या करड्या पिठातूनही मुलांच्या पुढ्यात काही गोड ठेवायचे, हे तिने स्वतः ठरवले होते. तेवढे स्वातंत्र्य टंचाईलाही हिरावून घेता आले नाही. कोंड्याचा मांडा करणे म्हणतात ते हेच.

कोंडा पोटाला हितकारक आहे, यात वाद नाही. परंतु आरोग्य म्हणजे सदाचार नव्हे. गुळाची करंजी खाताना शेजारणीच्या साखरेच्या करंजीकडे तुच्छतेने पाहिले, तर देह शुद्ध राहील कदाचित, मनाचे काय? सत्त्व पिठात असते, तसेच ते वाढणाऱ्या हातातही असावे लागते. पहिले बाजारात मिळते.