आजचे चिंतन : नहुषाची पालखी



आजचे वाचन महाभारताच्या उद्योगपर्वातले, राजा नहुषाचे. इंद्र लपून बसला, स्वर्गाला राजा उरला नाही. तेव्हा देव आणि ऋषींनी विनंती करून नहुषाला गादीवर बसवलं. वर दिला, की तुझ्या दृष्टीपुढे जो येईल त्याचं तेज तुला मिळेल. म्हणजे बघा, राज्य त्याने हिसकावलं नव्हतं, आपल्याच लोकांनी दिलं होतं. मग समोर बोलणारा कोणी उरला नाही. त्याने इंद्रपत्नी शचीवर हक्क सांगितला, ऋषींना पालखीला जुंपलं, अगस्तींना लाथ मारली. तिथेच शाप मिळाला आणि नहुष अजगर होऊन खाली पडला.

जुनी गोष्ट वाटते? १९७१ मध्ये देशाने इंदिराबाईंच्या पक्षाला ३५२ जागा दिल्या. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली, आणि २५ जूनच्या रात्री आणीबाणीवर राष्ट्रपतींची सही झाली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर आला. मिसाखाली धरलेल्या माणसांनी नागपूर, येरवड्याचे तुरुंग भरले. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असतानाही दुर्गाबाई भागवत स्पष्ट बोलल्या. पुढे त्यांनाही अटक झाली. मार्च १९७७ मध्ये रायबरेलीच्या मतदारांनी खुद्द इंदिराबाईंना हरवलं. खांदा देणाऱ्यांनीच पालखी खाली ठेवली.

आता आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावाकडे या. सोसायटी, शाळा, देवस्थान, सगळीकडे अध्यक्ष आपणच निवडतो. हिशेब विचारायची वेळ आली की माना खाली. "जाऊ द्या ना जी, आपल्याले काय करा लागते!" माउली, अहंकार एका दिवसात चढत नाही. रोजच्या अशा गप्प बसण्याने आपण त्याला आपलं तेज देत जातो. आषाढीला आपण पालखी उचलतो, तिच्यात संतांच्या पादुका असतात. तिथे माणूस बसवायचा नसतो.

आणि नहुषाचं पुढे काय झालं? वनपर्वात तो अजगर भीमाला विळखा घालतो, युधिष्ठिराला प्रश्न विचारतो आणि उत्तरं शांतपणे ऐकतो. ऐकायला शिकला, तेव्हा शापातून सुटला.

आजचा संकल्प : जिथे आपली सत्ता चालते, मग ती घरात का असेना, तिथे आज एकाला मोकळेपणी बोलू द्यायचं आणि मध्ये न तोडता ऐकायचं. जिथे दुसऱ्याची चालते, तिथे एक खरा प्रश्न नम्रपणे विचारायचा.

राम कृष्ण हरी!