अठ्ठेचाळीस दातांचा शहाणा

गाडी मेन स्टँडवर घे. चावी इकडं दे. आणि तोंड पाडू नको, मी अजून सुरूच केलं नाही.

काल संध्याकाळी आश्रमात सामुदायिक प्रार्थना चालू होती आणि हायवेवरून कुणाचं तरी इंजिन किंचाळत गेलं. मला वाटलं, कुणाचा तरी गिअर तिसऱ्यातच अडकला. बाहेर येऊन पाहतो तर तू! टॉप गिअरमध्ये! आणि मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून राहिला, बाजू दे म्हणून. दोन वर्षं माझ्या हाताखाली पाना धरलास, त्याचं हे फळ?

काहून बसवलं हे मागचं स्प्रॉकेट? 'ऑफ-रोडसाठी, सर.' कोणतं ऑफ-रोड, बावा? मोझरी ते तिवसा? अरे, हा ५३ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग आहे. याच महामार्गावर अमरावती आणि अकोल्याच्या मधात २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज बुकात नाव गेलं. त्या रस्त्यावर तू डकार रॅलीची गाडी चालवून राहिला.

हिशोब केला होता का? खडू घे. कंपनीनं तुला पुढं १३ आणि मागं ३९ दात दिले. भागाकार तीन. तू मागं ४८ बसवले, म्हणजे ३.६९. तेवीस टक्के फरक. इंजिनच्या ज्या फेऱ्यांत गाडी ७० नं जायची, त्याच फेऱ्यांत आता ५७ नं जाते. बरं, ओढ वाढली, कबूल. पण गिअरमधलं अंतर बदललं का? नाही. पाचही गिअर सारखेच खाली उतरले. पहिला आता फक्त गाडी हलवण्यापुरता. टाकला न टाकला तोच दुसरा मागते.

एवढीच ओढ पाहिजे होती तर पुढचा एक दात कमी करून पाहायचं. १२ आणि ३९, झाले ३.२५. मागं तीन दात वाढवल्याएवढंच काम, खर्च थोडा, चेनही तीच चालते. त्यातही खोट आहे: लहान चकरीवर चेन जास्त मुडपते, लवकर झिजते, स्विंगआर्मवरचं रबर घासते. पण पटलं नाही तर अर्ध्या तासात पुन्हा तेरा बसवता येतात. तू एकदम नऊ दातांची उडी मारली, कारण फोटोत मोठं स्प्रॉकेट भारी दिसते. रॅली रायडर संतोषनं २०१५ साली डकार पूर्ण केली, पहिला भारतीय. त्याच्या मेकॅनिकनं दात फोटो पाहून ठरवले असतील का रे?

आता इकडं वाक. चेन दिसते? नऊ दात वाढले की साडेचार-पाच कड्या जास्त लागतात, आणि कड्या जोडीनंच वाढवाव्या लागतात. हे तुला ठाऊक होतं, म्हणून तू चार वाढवल्या. पण कुठं? जुन्या, ताणलेल्या चेनमध्ये नव्या चार कड्या! नव्या धोतराला जुनं ठिगळ ऐकलं होतं, तू उलटं केलं. स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटानं ओढ. बघ, अर्धा दात उघडा पडला. ही चेन संपलेली आहे. ती तुझं नवं स्प्रॉकेट महिन्याभरात खाऊन टाकेल.

आणि हे दात पाहा. डावी बाजू काळी, उजवी आरशासारखी चकाकून राहिली. का? एक्सल पुढं सरकवताना एका बाजूला तीन खुणा, दुसऱ्या बाजूला दोनच. चाक वाकडं बसलंय, लेका. हे मला न पुसता माझ्या वर्कशॉपमध्ये केलं, याचा राग वेगळाच.

पांदण रस्त्याचं म्हणत होता ना? चल, तेही बोलू. श्रावणात काळ्या मातीत तू अडकला, ते मला माहीत आहे. मडगार्ड आणि टायरच्या मधात चिखलाचा लगदा बसला होता, चाकच फिरत नव्हतं. तिथं दात वाढवून काय होते? टायर तुझा गुळगुळीत. जास्त ओढ दिली की जागच्या जागी फिरून खड्डा खणते. पहिल्या गिअरमध्येही गाडी चालण्याच्या वेगानं जात नाही, इंजिन गुदमरते, सारखा हाफ क्लच धरावा लागते, प्लेटचा जळका वास येते, तेव्हा दात वाढवायचे. तुला असा वास आला होता? मग? चिखलाचं टायर घ्यायला पैसे नाहीत आणि स्प्रॉकेटला आहेत.

तिकडं नको बघू, पोट्टे हसतात ते हसू दे. त्यांचीही पाळी येईल.

आता ऐक. जुनं ३९ चं स्प्रॉकेट घरी असेल, फेकलं नसशील अशी आशा आहे. चेन तर नवी लागेलच; त्याचे दात वाकले असतील तर पूर्ण नवा संच आण, चेन आणि दोन्ही चकऱ्या एकत्र. एक्सलच्या खुणा दोन्हीकडं मोज, लिहून आण. मग आपण दोघं पांदणीत जाऊ. गाडी तू चालव, मागं मी बसतो. कुठं दम तोडते ते मला सीटवरूनच कळेल. त्यानंतर दाताचं बोलू.

चावी उद्या मिळेल. आज पायी जा.